दप्तरातले ‘असू दे’

माध्यमिक शाळेतल्या मुलाचे दप्तर तीन थरांचे असते. वरचा थर त्या दिवसाच्या वेळापत्रकातल्या पुस्तकांचा आणि वह्यांचा. मधला थर डबा, पाण्याची बाटली, कंपासपेटी आणि पावसाळ्यात ओल्या रेनकोटाचा. तळाच्या थराला नाव नाही, पण बहुतेक दप्तरांत तोच सर्वांत जाड असतो. गेल्या गुरुवारी तास होता म्हणून आत गेलेली चित्रकलेची वही पुढच्या गुरुवारपर्यंत आतच राहते, कारण बाहेर काढली तर गुरुवारी ती सापडणार नाही याची तिच्या मालकाला खात्री असते. बाई कधीही तपासायला मागतील म्हणून निबंधाची वही जूनपासून एप्रिलपर्यंत रोज शाळेत जाऊन येते. तिची हजेरी मुलापेक्षा चांगली असते. शाळा सुटल्यावर परस्पर क्लासला जायचे असल्याने क्लासच्या नोट्स असतात, आणि क्लासचे सर शाळेच्या पुस्तकाला फारसे मानत नसल्याने त्यांचा प्रश्नसंच वेगळा असतो. त्याखाली मित्राला परत करायचे गाइड, वाळलेली स्केचपेने, दोन करकटके आणि महिन्यापूर्वी होऊन गेलेल्या पालकसभेची घरी न पोचलेली सूचना.

या थरातली प्रत्येक वस्तू कोणीतरी केव्हातरी ‘असू दे’ म्हटल्यामुळे तिथे असते. म्हणणारे कधी मूल असते, कधी आई, परीक्षेच्या दिवसांत वडीलसुद्धा. पाठदुखीच्या कारणांच्या यादीत डॉक्टर हे दोन शब्द लिहीत नाहीत, पण वजनकाट्याला ते बरोबर कळतात.

‘असू दे’मागचा हिशेब चोख आहे. वही विसरणे हा गुन्हा आहे आणि त्याची शिक्षा ठरलेली आहे: उभे राहणे, डायरीत शेरा, फारच झाले तर घरी फोन. नको असलेली वही आणणे हा मात्र गुन्हा नाही. जास्त पुस्तके आणली म्हणून कोणाला बाकावर उभे केल्याचे ऐकिवात नाही. कमी पडले तर दंड आणि जास्त झाले तर काहीच नाही, असा व्यवहार असेल तिथे शहाणा माणूस जास्तच ठेवतो. तेरा वर्षांच्या मुलाला हे अर्थशास्त्र शिकवावे लागत नाही. त्यातच वेळापत्रक भिंतीवर एक आणि प्रत्यक्षात दुसरे असते. गणिताचे सर रजेवर गेले की इतिहासाच्या बाई येतात, पी.टी.चा तास विज्ञानाकडे जातो, आणि ‘उद्या ऑफ तास आहे’ या बातमीवर पाचवीच्या पुढे कोणी विश्वास ठेवत नाही. सगळेच न्यावे, एवढाच सुरक्षित मार्ग उरतो.

दप्तराच्या वजनाला सरकारी मर्यादा आहे, आणि ती अनेकदा ठरवून झाली आहे. राज्यसभेचे नामनिर्देशित सदस्य असलेले कादंबरीकार आर. के. नारायण यांनी १९८९ मध्ये सभागृहातले आपले पहिलेच भाषण या विषयावर केले. पुढे प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९९३ मध्ये तिचा अहवाल आला. पाठीवरच्या ओझ्यापेक्षा न समजलेल्या अभ्यासाचे ओझे अधिक घातक, असे समितीचे मत पडले. शिक्षणव्यवस्थेने या मताचा आदर राखला आणि दोन्ही ओझी जपून ठेवली. महाराष्ट्रात हा प्रश्न जनहित याचिकेच्या रूपाने मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि जुलै २०१५ मध्ये शासन निर्णय निघाला: दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जड असू नये, आणि याची जबाबदारी मुख्याध्यापक व संस्थाचालकांची. मुख्याध्यापकांनी वर्गशिक्षकांना सूचना दिली, वर्गशिक्षकांनी पालकांसाठी तिची छापील प्रत मुलांच्या हाती दिली, आणि मुलांनी ती दप्तरात ठेवली.

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१६ मध्ये, चंद्रपूरच्या सातवीतल्या दोन विद्यार्थ्यांनी थेट पत्रकार परिषद बोलावली. दप्तर पाच ते सात किलोचे आणि वर्ग तिसऱ्या मजल्यावर, अशी त्यांची तक्रार होती. दखल न घेतल्यास उपोषणाला बसू, असेही त्यांनी सांगून टाकले. नागरिकशास्त्राचे पुस्तक वाहून नेण्याचा इतका नेमका उपयोग दुसऱ्या कोणी केल्याचे सांगता येत नाही.

केंद्राने २०१८ मध्ये इयत्तावार आकडे दिले आणि २०२० च्या दप्तर धोरणात ते सुधारले. त्यानुसार आठवीला अडीच ते चार किलो, नववी-दहावीला अडीच ते साडेचार किलो, अकरावी-बारावीला साडेतीन ते पाच किलो. प्रत्येक शाळेत वजनकाटा असावा, असेही धोरण सांगते. शाळेत काटा असतोच. तो प्रयोगशाळेत काचेच्या पेटीत असतो, मिलिग्रॅमपर्यंत अचूक असतो आणि त्याला हात लावायला परवानगी नसते. त्यामुळे वजन घरीच करावे लागते. वजनकाट्यावर आधी दप्तरासह आणि मग दप्तराविना उभे राहून वजाबाकी केली की पुरते. घरी काटा नसेल तर रद्दीवाल्याचा ताणकाटा चालतो, कारण पुस्तकांच्या वजनाचा त्याच्याइतका अनुभव दुसऱ्या कोणाला नाही. मात्र तो काटा कमी दाखवण्याबद्दल प्रसिद्ध असल्याने आलेल्या आकड्यात थोडी भर घालावी.

चाळीस किलोच्या मुलाला चार किलोची मुभा आहे, असे धरले तर त्यातले काय कशात जाते ते पाहण्यासारखे आहे. एक लिटर पाणी म्हणजे बाटली वगळून एक किलो. पहिला चतुर्थांश तिथेच संपतो. दोनशे पानी लाँगबुक तीनशे ते चारशे ग्रॅमची असते आणि विषय सहा-सात असतात. स्टीलचा डबा भाजीपोळी संपल्यावरही स्टीलचाच राहतो. भाजीपोळीखेरीज पाणी हाच दप्तरातला एक पदार्थ असा की त्याचे वजन दिवसभरात घटायला हवे. प्रत्यक्षात बाटली संध्याकाळी अर्ध्याहून अधिक भरलेली परत येते. शाळेच्या नळावर आईचा विश्वास नसतो आणि शाळेच्या स्वच्छतागृहावर मुलाचा, म्हणून एक किलो पाणी शहरभर हिंडून घरी येते. पिण्याचे चांगले पाणी शाळेनेच पुरवावे म्हणजे बाटली न्यायला नको, हे २०२० च्या धोरणात लिहिलेले आहे. दप्तर हलके करण्याचा याहून स्वस्त उपाय शोधूनही सापडणार नाही, आणि तो पाठ्यपुस्तक मंडळाच्या नव्हे तर नळदुरुस्तीवाल्याच्या हातात आहे.

पाठ्यपुस्तक मंडळानेही आपल्या परीने एक मोठा प्रयोग केला. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात बालभारतीने दुसरी ते आठवीची पुस्तके चार भागांत विभागली आणि पाठांना जोडून कोरी पाने घातली. एका वेळी एकच भाग न्यायचा, नोंदी त्यातच करायच्या, वह्या घरी ठेवायच्या, अशी ती योजना होती. कागदावर हिशेब बिनचूक होता. वर्गात मात्र शिक्षकांना वही हवीच होती, पालकांना सुबक कव्हर घातलेली वही नसली की अभ्यास चालू असल्याचे पटत नव्हते, आणि मुलांनी कोऱ्या पानांची पुस्तके आणि वह्या दोन्ही नेल्या. २०२५ मध्ये कोरी पाने बंद झाली. वजन कमी करण्यासाठी घातलेला कागद वजनात भर घालून परत गेला. ‘असू दे’ने शासकीय योजनेवर मिळवलेला हा सर्वांत स्पष्ट विजय म्हणावा लागेल.

हे ओझे पाठीवर चढल्यावर आत काय घडते, हे समजायला फारसे शरीरशास्त्र लागत नाही. कण्यातले मानेचे सात, पाठीचे बारा आणि कमरेचे पाच मणके एकमेकांवर उभे असतात आणि स्नायू त्यांना सावरून धरतात. मागे वजन लटकले की तोल मागे जातो. तो सावरण्यासाठी धड पुढे झुकते. धड झुकले की नजर जमिनीकडे जाते, आणि समोरून येणारी रिक्षा दिसावी म्हणून मान वर उचलावी लागते. पाठ पुढे आणि मान मागे, अशा स्थितीत मुलगा तीन जिने चढतो. मान आणि खांद्यांमधले स्नायू हे काम निमूटपणे करतात आणि संध्याकाळी दुखून त्याची पावती देतात. दप्तर एकाच खांद्यावर असेल तर तो खांदा वर, कंबर विरुद्ध बाजूला, आणि थकवा एकाच अंगाला. मुलींची उंची साधारण अकरा ते तेरा आणि मुलांची तेरा ते पंधरा या वयात झपाट्याने वाढते; हाडे आधी लांबतात, स्नायूंची लांबी आणि ताकद मागाहून येते. नेमक्या याच वर्षांत विषयही वाढतात.

तरीही दप्तराला सगळ्या पाठदुखीचा धनी ठरवणे योग्य नाही. २०१८ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’ या नियतकालिकात ६९ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यांत मिळून ७२ हजारांवर मुले होती. दप्तराचे वजन, त्याचा आकार किंवा ते वाहण्याची पद्धत यांमुळे पाठदुखी होते, असा पटण्याजोगा पुरावा आढाव्याला मिळाला नाही. मुलाला दप्तर जड ‘वाटणे’ आणि पाठ दुखणे यांचा मात्र संबंध दिसला. दप्तराने कणा कायमचा वाकडा होतो, ही समजूतही खरी नाही. वाढत्या वयात कण्याला येणारा बाक हा वेगळा विकार असून तो दप्तर न उचलणाऱ्या मुलांनाही होतो. याचा अर्थ सात किलो वाहून नेणे बरे, असा कोणी काढू नये. थकणे, खांद्यात पट्टे रुतणे आणि तिसऱ्या मजल्यावर धापा टाकणे यांसाठी कोणत्याही आढाव्याच्या मंजुरीची गरज नाही. मुद्दा एवढाच की दुखण्याला बैठक, झोप, व्यायामाचा अभाव आणि परीक्षेची धास्ती हे भागीदार आहेत, आणि दप्तर तेवढे डोळ्यांना दिसते.

दप्तराचे निर्विवाद धोके वेगळेच आहेत. अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत दप्तरामुळे जखमी होऊन आलेल्या मुलांचा एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या २८ टक्के दुखापती दप्तराला अडखळून पडल्याच्या होत्या, १३ टक्के दप्तर घातलेले असतानाच्या आणि १३ टक्के दप्तराचा मार बसल्याच्या. म्हणजे पाठीवरच्या दप्तरापेक्षा पायातले दप्तर अधिक घातक. मराठी शाळेतल्या दोन बाकांच्या मधली वाट ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या आकड्यांचे आश्चर्य वाटणार नाही. मधली सुट्टी झाल्याची घंटा आणि पहिला पडलेला मुलगा यांत क्षणाचेही अंतर नसते. दप्तर बाकाखालच्या कप्प्यात किंवा भिंतीच्या कडेला ठेवावे. मारामारीत वापरण्याबाबत वेगळी सूचना देण्याची गरज नसावी, पण वरचा आकडा पाहता ती द्यावी लागते.

प्रतिबंधाची सुरुवात दप्तर रिकामे करण्यापासून होते. रोज रात्री दप्तर पूर्ण पालथे करून वेळापत्रकाप्रमाणे पुन्हा भरावे. ‘उद्याची पुस्तके घाल’ एवढे म्हटले की उद्याची पुस्तके कालच्या पुस्तकांवर घातली जातात. म्हणून पालथे करणे महत्त्वाचे. पहिल्या खेपेस घरातली हरवलेली कात्री, दोन चमचे आणि मागच्या इयत्तेचे ओळखपत्र मिळते, हा वरकड लाभ. हे काम मुलाने स्वतः करावे. आईने भरलेल्या दप्तरात आईची भीतीही भरली जाते, आणि मूल पुन्हा वर आपली घालते.

शेजारी बसणाऱ्याशी करार हा दुसरा मार्ग. एकाने इतिहासाचे पुस्तक आणायचे, दुसऱ्याने भूगोलाचे. हा करार लेखी नसतो आणि तो दोन प्रसंगी मोडतो: जोडीदार आजारी पडल्यावर आणि जोडीदाराशी भांडण झाल्यावर. वर्गशिक्षकांनी या पद्धतीला उघड मान्यता दिली आणि पुस्तक नसलेल्याला उभे करणे थांबवले, तर ती टिकते. शाळेला याहून बरेच करता येते. प्रयोगवह्या, चित्रकलेचे साहित्य आणि जाड संदर्भपुस्तके वर्गातल्या कपाटात ठेवता येतात, जोडतास लावून एका दिवसातले विषय कमी करता येतात, आणि ठरलेले वेळापत्रक पाळता येते. शेवटचा उपाय फुकट आहे, म्हणूनच तो सर्वांत दुर्मीळ.

दप्तर विकत घेताना मुलगा त्यावरचे चित्र पाहतो, वडील किंमत पाहतात आणि आई कप्पे मोजते. यांतले कप्पे उपयोगाचे आहेत, फक्त ते सगळे भरण्याची जिद्द कोणी धरू नये. दोन रुंद, गादीदार पट्टे हवेत, पाठीला टेकणारी बाजू मऊ हवी, आणि रिकामे दप्तरच किलोभराचे असू नये. ते पाठीहून रुंद नको. पुढे आणखी दोन वर्षे चालावे म्हणून मोठे घेण्याची पद्धत गणवेशाला ठीक आहे. मोठे दप्तर मात्र पहिल्याच आठवड्यात काठोकाठ भरते. चाकांच्या दप्तराला धोरणाने नकार दिला आहे, कारण जिन्यावर ते मुलांना इजा करू शकते. आपल्या रस्त्यांवर चाकेही आठवडाभराहून अधिक टिकत नाहीत.

भरताना सर्वांत जड पुस्तके पाठीला चिकटून, हलक्या वस्तू बाहेरच्या बाजूला, बाटली एका कुशीत आणि डबा दुसऱ्या. उचलताना दप्तर आधी बाकावर ठेवावे, त्याकडे पाठ करून दोन्ही हात पट्ट्यांत घालावेत आणि मग उभे राहावे. जमिनीवरून एका हाताने हिसका देऊन खांद्यावर फेकण्याची पद्धत पाहायला रुबाबदार आहे, आणि कमरेत चमक भरण्याचा सोपा मार्ग आहे. दोन्ही पट्टे खांद्यांवर, आणि तळ कमरेखाली चार बोटांहून अधिक उतरलेला नको. पाचवीतल्या मुलाचे पट्टे आईने आवळलेले असतात. आठवीत तो ते एकेक बोट सैल करतो. दहावीपर्यंत दप्तर मांड्यांवर आपटू लागते आणि एक पट्टा हवेत असतो. याला कारण वजन नसून वर्गातले इतर आहेत, आणि त्यावर वैद्यकशास्त्रात औषध नाही. दोन्ही पट्टे वापरणारा एखादा लोकप्रिय क्रिकेटपटू हे काम डॉक्टरांपेक्षा लवकर करील. सायकल असेल तर दप्तर कॅरिअरवर बांधावे, लोकलच्या गर्दीत पुढे छातीशी घ्यावे.

मानेचे दुखणे दप्तर उतरवल्यावरही चालू राहते, कारण त्यानंतर मोबाइल हातात येतो. मोठ्या माणसाच्या डोक्याचे वजन साधारण साडेचार-पाच किलो असते आणि मान सरळ असेपर्यंत ते पेलायला कष्ट नसतात. मान जितकी पुढे झुकते, तितका मागच्या स्नायूंवर ताण वाढतो. घरोघरी हा विषय निघतो तो कौटुंबिक व्हॉट्सॲप गटावर आलेल्या इशाऱ्यामुळे, आणि तो इशारा आजोबांपासून मावशीपर्यंत सगळे मान खाली घालूनच वाचतात. पडदा डोळ्यांच्या पातळीच्या जवळ आणावा. लोळून, कोपरावर रेलून अभ्यास करण्यापेक्षा टेबल-खुर्ची बरी. जमिनीवरच बसायचे असेल तर पूर्वी मुनीमजी वापरत तसे उतरते लाकडी डेस्क उत्तम. पण सर्वांत चांगली बैठकही तासभर न मोडता वापरली तर दुखते, म्हणून अर्ध्या तासाने उठून चालावे. पाणी प्यायला उठलेल्या मुलाला ‘बसत नाहीस एका जागी’ म्हणून परत बसवणे हा पाठीवरचा अन्याय आहे.

खरी राखण स्नायूंची ताकद करते. पाच ते सतरा वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे दमवणारी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. खो-खोतले बसणे-उठणे, कबड्डी, पोहणे, मल्लखांब, सूर्यनमस्कार यांतले काहीही चालते. यासाठीच वेळापत्रकात पी.टी.चा तास असतो, आणि अभ्यासक्रम पुरा करण्यासाठी सर्वांत आधी तोच जातो. मग मूल पी.टी.च्या तासाला विज्ञान शिकते आणि विज्ञानात स्नायूंचे महत्त्व शिकते.

दुखू लागलेच तर दोन दिवस वजन कमी करावे, गरम पाण्याच्या पिशवीने शेकावे आणि हालचाल चालू ठेवावी. अंथरुणात पडून राहिल्याने पाठ आणखी आखडते. आजीचे कोमट तेल निरुपद्रवी आहे आणि शाळा बुडवण्याची शक्यता त्याच्या गुणात भर घालते. औषधांच्या दुकानातला कमरेचा पट्टा डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बांधू नये. सलूनमध्ये केस कापून झाल्यावर मान कडाकडा मोडून घेण्याची पद्धत पूर्ण बंद ठेवावी. तिच्यामुळे मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते, आणि ती इजा गंभीर असू शकते.

काही लक्षणे दिसली तर वाट पाहू नये. रात्री झोपेतून जाग आणणारे दुखणे, सोबत ताप किंवा घटणारे वजन, हातापायांत मुंग्या, बधिरपणा किंवा अशक्तपणा, लघवी-शौचावरचा ताबा जाणे, पडल्यानंतर सुरू झालेली वेदना, किंवा आठवडे उलटूनही न थांबणारी आणि खेळणे बंद पाडणारी पाठदुखी यांसाठी डॉक्टरांकडे जावे. पुढे वाकल्यावर पाठीची एक बाजू दुसरीहून उंच दिसली तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. साध्या दुखण्यात एक्स-रेची गरज बहुधा पडत नाही, जरी एक्स-रे काढल्याशिवाय पालकांना फी वसूल झाल्यासारखी वाटत नाही. बहुतेक वेळा फिजिओथेरपिस्ट चार-पाच व्यायाम शिकवतात. ते रोज घरी केले तर काही आठवड्यांत फरक पडतो. केले नाहीत तर पुढच्या भेटीत तेच व्यायाम, त्याच फीमध्ये, पुन्हा दाखवले जातात.